सूची आणि आख्यान : ब्रूस फूट यांच्या मद्रास संग्रहाचे एक वाचन

वस्तुसंग्रहालयाची सूची सहसा कोणी सलग वाचत नाही. ती चाळली जाते, तिच्यात एखादा क्रमांक शोधला जातो आणि काम झाले की ती पुन्हा कपाटात जाते. साहित्याच्या अभ्यासकाला तर तिच्याकडे वळण्याचे कारणच पडत नाही. तिच्यात पात्र नाही, प्रसंग नाही, निवेदकाचा आवाजही जेमतेम ऐकू येतो. तरीही वसाहतकाळात हिंदुस्थानाविषयी जे गद्य लिहिले गेले त्याचा फार मोठा भाग सूचींच्या रूपाने आहे. हस्तलिखितांच्या सूची, शिलालेखांच्या सूची, म्हणींचे संग्रह, जातींच्या व नाण्यांच्या याद्या हे सारे त्यात येते. आपल्या वाङ्मयेतिहासांचा पायाही बव्हंशी अशाच सूचींवर रचला गेला आहे. म्हणून सूची हा गद्यप्रकार कसा विचार करतो, त्याला काय साधते आणि त्याच्या हातून काय निसटते, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार एका संग्रहाच्या आधारे केला आहे. तो संग्रह म्हणजे रॉबर्ट ब्रूस फूट (१८३४–१९१२) यांनी जमविलेला आणि मद्रासच्या सरकारी वस्तुसंग्रहालयासाठी सूचीबद्ध केलेला दगडी हत्यारांचा व प्राचीन अवशेषांचा संग्रह. त्याच्या शेजारी याच वस्तुसंग्रहालयातील दुसरा एक संग्रह, आदिच्चनल्लूरच्या दफनभूमीचा, ठेवून पाहिला आहे.

फूट पेशाने भूशास्त्रज्ञ होते. १८५८ मध्ये ते हिंदुस्थानच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळच्या पल्लावरम येथील कवायतीच्या मैदानालगत मुरुमाच्या खाणीत त्यांना एक घडवलेला दगड मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरात विल्यम किंग या सहकाऱ्यासमवेत ते अत्तिरम्पाक्कमच्या ओढ्यापाशी पोहोचले आणि तेथे क्वार्टझाइटच्या हातकुऱ्हाडींचा साठाच त्यांच्या हाती लागला. जांभ्याच्या थरांतील या हत्यारांविषयीचा त्यांचा निबंध १८६६ मध्ये 'मद्रास जर्नल ऑफ लिटरेचर अँड सायन्स' या नियतकालिकात छापला गेला. नियतकालिकाच्या नावात साहित्य आणि विज्ञान शेजारी शेजारी आहेत, याचे त्या काळी कोणाला नवल वाटले नसावे. पुढे सुमारे चार दशके, आधी सर्वेक्षण खात्यात आणि १८९१ च्या निवृत्तीनंतर बडोदे व म्हैसूर संस्थानांच्या सेवेत असताना, फूट यांनी साडेचारशेहून अधिक स्थळांवरून वस्तू गोळा केल्या. १९०१ मध्ये त्यांनी मद्रास वस्तुसंग्रहालयातील आधीच्या प्रागैतिहासिक वस्तूंची सूची केली. १९०४ मध्ये सरकारने त्यांचा खाजगी संग्रह विकत घेतला. त्याची सविवरण सूची १९१४ मध्ये आणि कालखंड व प्रसार यांविषयीच्या टिपांचा खंड १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे त्यांचे मुख्य ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतरचे आहेत.

या दोन खंडांच्या विभागणीतच आपल्या प्रश्नाचे बीज आहे. एका खंडात वस्तू आहेत, दुसऱ्यात त्या वस्तूंवरून रचलेली कथा आहे. सूचीच्या खंडाची मांडणी भूगोलानुसार केलेली आहे. दक्षिणेकडील जिल्ह्यांपासून आरंभ करून ती जिल्ह्याजिल्ह्याने वर सरकते आणि म्हैसूर, हैदराबाद, मुंबई इलाखा असे करीत बडोदे-काठेवाडपर्यंत येते. नोंदी कोरड्या आहेत. हत्यार कोणते, दगड कोणता, मिळाले कोठे, अखंड आहे की तुटके. एका गावाखाली पुराश्मयुगीन हातकुऱ्हाड, झिलईदार नवाश्मयुगीन कुऱ्हाड आणि लोहयुगातील खापर एकापाठोपाठ येऊ शकतात, कारण त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट काळाची नसून जागेची आहे. टिपांच्या खंडात मात्र सूत्र बदलते. तेथे काळ पुढे चालू लागतो. पुराश्मयुगीन मानव येतो, नाहीसा होतो. दीर्घ खंडानंतर नवाश्मयुगीन मानव येतो. तो लोखंड शिकतो. सूचीतील तेच दगड येथे कथानकात कामाला लागतात.

फूट यांच्या कथानकातील सर्वांत नाट्यपूर्ण जागा म्हणजे तो खंड. पुराश्मयुग आणि नवाश्मयुग यांच्यामध्ये हिंदुस्थानात काळाची फार मोठी पोकळी आहे असे त्यांचे मत होते. गुजरातेत साबरमतीच्या काठावर त्यांना पुराश्मयुगीन हत्यारे तळच्या गोट्यांच्या थराशी निगडित दिसली आणि त्यावर सुमारे दोनशे फूट जाडीचा गाळ व वाऱ्याने आणलेली माती दिसली. नवाश्मयुगीन अवशेष या साऱ्याच्या वर. दोनशे फूट माती साचायला लागलेला काळ मोजणे त्यांना शक्य नव्हते, पण तो काळ रिकामा होता असे त्यांनी मानले. भूशास्त्रज्ञाला हे अनुमान सहज सुचणारे होते. तरीही वस्तू न सापडणे म्हणजे माणूस नसणे, ही उडी कथेच्या गरजेतून आली आहे असे मला वाटते. पुराव्याने ती मागितली नव्हती.

ही पोकळी भरून निघाली, आणि ती ज्या रीतीने भरून निघाली तो भाग सूचीच्या वाचकाने बारकाईने पाहावा असा आहे. १९३० मध्ये कॅमियाड व बर्किट यांनी 'अँटिक्विटी' या नियतकालिकात आग्नेय हिंदुस्थानातील अश्मयुगांची एक चौपदरी मांडणी केली. तिच्यात हातकुऱ्हाडींपासून छिलक्यांच्या हत्यारांपर्यंत आणि तेथून सूक्ष्मास्त्रांपर्यंत अखंड पायऱ्या दिसत होत्या. १९४१-४२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील हसमुख सांकलिया गुजरातेत गेले ते फूट यांची स्थळे पुन्हा तपासण्यासाठी. नदीकाठची हत्यारे फूट यांनी सांगितली तेथे मिळाली. शिवाय लांघणजसारख्या ठिकाणी सूक्ष्मास्त्रे वापरणाऱ्या माणसांचा मुक्काम सापडला. दक्षिणेकडे तिरुनेलवेली जिल्ह्यातील सायरपुरमजवळच्या 'तेरी', म्हणजे समुद्रालगतच्या तांबड्या वाळूच्या टेकाडांवरची बारीक हत्यारे फूट यांनी स्वतःच वेचली होती. ती त्यांनी नवाश्मयुगाच्या खणात ठेवली, कारण मधला खण त्यांच्या कथेत नव्हताच. झॉयनर आणि ऑल्चिन यांनी १९५६ मध्ये ही टेकाडे पुन्हा अभ्यासली तेव्हा त्यांचे वेगळे स्थान स्पष्ट झाले. म्हणजे फूट यांची कथा खोडून काढण्याचे साहित्य फूट यांच्याच सूचीत होते. त्यांनी जागा प्रामाणिकपणे नोंदविली नसती तर सांकलियांना साबरमतीच्या कोणत्या वळणावर उतरावयाचे हे कळले नसते. सूची ही स्वतःच्या कर्त्याविरुद्ध साक्ष देऊ शकते; आख्यानाला हे सहसा जमत नाही, कारण आख्यान आपल्याला नको असलेला पुरावा वाटेतच गाळून टाकते.

आपल्या विषयातील ग्रंथांना हीच कसोटी लावून पाहावी. कोणताही प्रस्थापित वाङ्मयेतिहास घ्या आणि त्याचा मुख्य सिद्धान्त त्याच ग्रंथातील माहितीवरून खोडता येतो का ते पाहा. बहुतेक वेळा येत नाही. कारण सिद्धान्ताला न जुळणारा कवी तेथे तळटीपेतही शिल्लक राहिलेला नसतो.

फूट यांच्यासमोर एक तयार कथाही होती, आणि तिच्याशी त्यांनी केलेले वर्तन त्यांच्या खंडाच्या कल्पनेपेक्षा अधिक आदरास पात्र आहे. ही कथा कोपनहेगनच्या वस्तुसंग्रहालयात जन्मली. ख्रिश्चन युर्गन्सेन थॉमसेन १८१६ पासून तेथील प्राचीन वस्तूंची व्यवस्था पाहत होते. अस्ताव्यस्त पडलेल्या वस्तू मांडावयाच्या कशा, या व्यवहारी अडचणीतून त्यांनी दगड, कांसे व लोखंड अशी तीन युगे कल्पिली आणि १८३६ च्या मार्गदर्शिकेत ती छापली. त्यांचे खरे कौशल्य या तीन नावांत नव्हते. कोणत्या वस्तू एकाच थडग्यात एकत्र सापडतात, याकडे त्यांनी लक्ष दिले. थडगे एकदा बंद झाले की त्यातील वस्तू परस्परांच्या समकालीन राहतात, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. म्हणजे हत्यारांचा काळ ठरला तो कबरींच्या साक्षीवर. पुढे हा क्रम डेन्मार्कबाहेर पडला, आणि जगात सर्वत्र माणूस याच तीन पायऱ्या चढला असला पाहिजे अशी समजूत रूढ झाली.

दक्षिण हिंदुस्थानात फूट यांना मधली पायरी दिसली नाही. झिलईदार दगडी कुऱ्हाडींच्या पाठोपाठ लोखंड येत होते. स्वतंत्र कांस्ययुग म्हणता येईल असे काही मध्ये नव्हते. त्यांनी ती पायरी ओढूनताणून आणली नाही. त्यांच्या वर्गीकरणात पुराश्मयुग, नवाश्मयुग आणि मग थेट लोहयुग, पूर्वकालीन व उत्तरकालीन, असा क्रम आहे. युरोपीय प्रतिमानाशी पुरावा जुळत नाही तेव्हा पुराव्यात दोष शोधावयाचा, ही त्या काळातील विद्वानांची सर्वसाधारण रीत पाहता हा निर्णय लहान नव्हे. त्याच सुमारास याच वस्तुसंग्रहालयात आलेल्या आदिच्चनल्लूरच्या वस्तूंनी हा प्रश्न आणखी बिकट केला. तेथील दफनकुंभांच्या सान्निध्यात लोखंडाच्या तलवारी व भाले आणि कांशाची नक्षीदार भांडी व प्राण्यांच्या आकृती असलेली झाकणे एकत्र मिळाली. कांसे येथे लोखंडाच्या आधीचे युग म्हणून येत नाही. लोखंडाच्या शेजारी, चैनीची व मानाची धातू म्हणून येते. ताम्रपर्णीच्या याच खोऱ्यातील शिवगळै येथील नमुन्यांवरून लोखंडाचा काळ इ.स.पू. चौथ्या सहस्रकापर्यंत मागे नेणारा अहवाल तमिळनाडूच्या राज्य पुरातत्त्व विभागाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील कालनिश्चितीवर वाद आहेत आणि ते मिटावयास वेळ लागेल. परंतु तीन युगांची शिडी सर्वत्र एकाच भिंतीला लावता येत नाही, हे त्या वादाच्या निकालावर अवलंबून नाही.

मराठी वाचकाला अशी त्रिपदी घरचीच आहे. संत, पंत आणि तंत ही आपल्या प्राचीन काव्याच्या इतिहासाची शिडी पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली. शिकविण्यास सोयीची म्हणून ती टिकली. वस्तुतः अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा रामदासांच्या हयातीतला आहे, म्हणजे 'तंत' शिडीच्या पहिल्या पायरीवरच उभा आहे. संतचरित्रकार महीपती (१७१५–१७९०) आणि पंतकवींचे मुकुटमणी मोरोपंत (१७२९–१७९४) समकालीन होते. राम जोशी हे संस्कृत जाणणारे आणि फडावर लावणी गाणारे. आदिच्चनल्लूरच्या दफनभूमीप्रमाणे येथेही कांसे व लोखंड एकाच मातीत आहेत. या विसंगती कोणाला माहीत नव्हत्या असे नाही. परंतु फूट यांनी एक पायरी काढून टाकण्याचे जे धैर्य दाखविले ते आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी क्वचितच दाखविले. वर्ग तसाच ठेवावयाचा आणि न बसणाऱ्या कवीला 'अपवाद' म्हणावयाचे, ही आपली रीत.

येथे भाषांतराचीही एक गंमत नोंदविण्याजोगी आहे. थॉमसेन यांच्या कल्पनेला आपण 'अश्मयुग', 'लोहयुग' असे शब्द दिले, आणि 'युग' या शब्दासोबत पुराणांचा सारा भार आला. पुराणांतील युगे कृतापासून कलीपर्यंत उतरत येतात. वस्तुसंग्रहालयातील युगे दगडापासून लोखंडापर्यंत चढत जातात. एकाच शब्दात ऱ्हास आणि प्रगती असे दोन उलटे उतार भेटतात. शालेय पुस्तकात 'अश्मयुगीन माणूस' वाचणाऱ्या मुलाला रानटी अवस्था दिसते. त्याच्या आजीला 'पहिले युग' म्हणजे सत्ययुग वाटते. संज्ञा घडविणाऱ्यांनी 'काल' हा साधा शब्द का निवडला नाही, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होईल.

सूची आणि आख्यान यांचा झगडा एकाच लेखकात पाहावयाचा असेल तर फिलिप मेडोज टेलर यांच्याकडे वळावे लागते. मराठी वाचकांना ते 'तारा' या १८६३ च्या कादंबरीमुळे परिचित असावेत. शिवाजी आणि अफझलखान यांच्या संघर्षाभोवती ती रचलेली आहे. पल्लावरमचा दगड सापडला तेही हेच वर्ष. याच टेलरनी हैदराबाद राज्याच्या दक्षिण भागात, शोरापूरच्या परिसरात, शिळावर्तुळे व दगडी पेटीसारखी थडगी उकरून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. रॉयल आयरिश अकादमीपुढे ठेवलेल्या त्यांच्या प्रबंधाच्या शीर्षकातच ही स्मारके केल्टिक, ड्रुइडी अथवा सिथियन म्हटली आहेत. कादंबरीकाराची कल्पनाशक्ती येथे आयर्लंडपासून मध्य आशियापर्यंत एक लांबलचक स्थलांतरकथा विणते. ती कथा आज कोणी मानत नाही. परंतु उकरलेल्या थडग्यांचे उभे छेद टेलरनी ज्या काळजीने रेखाटले, कोणता थर कोणत्या थरावर आहे ते ज्या रीतीने दाखविले, त्याची मॉर्टिमर व्हीलर यांनी १९५४ च्या आपल्या उत्खननशास्त्राच्या ग्रंथात मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. शीर्षक मेले, छेद जगला. टेलर यांच्या कादंबऱ्यांविषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले. त्यांच्या छेदचित्रांविषयी साहित्याभ्यासकांनी अजून काही लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही, आणि एका लेखकाच्या दोन हातांची तुलना करण्याची ही संधी वाया जाऊ नये असे वाटते.

एवढ्यावरून सूचीचा पक्ष सर्वस्वी बळकट आहे असे कोणी समजू नये. फूट यांच्या घरातच दुसरी एक सूची होती. त्यांचे सासरे रेव्हरंड पीटर पर्सिव्हल हे तमिळचे व्यासंगी. जाफन्यात आरुमुग नावलर यांच्या साहाय्याने त्यांनी बायबलच्या तमिळ भाषांतराचे काम केले होते, पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते अध्यापक होते, आणि सहा हजारांहून अधिक तमिळ म्हणींचा इंग्रजी भाषांतरासह संग्रह त्यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याकडील मॅनवारिंग यांचा मराठी म्हणींचा १८९९ चा संग्रह याच कुळातला. सासऱ्यांनी म्हणी वेचल्या, जावयांनी दगड वेचले. दोघांची वृत्ती एकच. परंतु दगडाची नोंद गावाखाली झाली आणि म्हणीची नोंद अक्षरानुक्रमात. कोणती म्हण कोणत्या गावात, कोणाच्या तोंडून, कोणत्या भांडणात ऐकली, हे पर्सिव्हल यांच्या क्रमात उरत नाही. म्हणीचे 'स्थळ' म्हणजे ती उच्चारण्याचा प्रसंग; तोच गेला. सूचीचे सामर्थ्य ती कोणता रकाना ठेवते यावर अवलंबून असते, आणि फूट यांनी दगडांसाठी योग्य रकाना निवडला होता एवढेच आपण म्हणू शकतो.

दगडांच्या बाबतीतही हा रकाना प्रत्येक वेळी पुरा पडत नाही. दक्षिणेत आणि मध्य हिंदुस्थानातही झिलईदार नवाश्मयुगीन कुऱ्हाडी शेताच्या नांगरटीत वर येत, आणि त्या उचलून झाडाखालच्या देवापाशी ठेवल्या जात. सेलमजवळच्या शेवरॉय डोंगरावर पिल्लैयारच्या लहान ठाण्यांत अशा कुऱ्हाडी पूजेत होत्या. शेंदूर लावलेला गोटा ज्याने गावच्या वेशीवर पाहिला आहे अशा मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. अशी कुऱ्हाड देवळातून वस्तुसंग्रहालयात येते तेव्हा तिच्या दोन जन्मांपैकी पहिला, म्हणजे लाकूड तोडणाऱ्या हत्याराचा जन्म, सूचीत ठळक होतो. दुसरा जन्म, देव म्हणून जगलेला, झालाच तर प्राप्तिस्थानाच्या टिपेत एका वाक्यापुरता उरतो. पहिला जन्म किती वर्षांचा, याचा अंदाज बांधता येतो; दुसऱ्याचा काळ कोणी विचारलेला नाही. कपाटातील काचेमागे असलेल्या दगडावर तेलाचा थर असतो तो पूर्वी धुऊन टाकीत.

बळ्ळारीकडील राखेच्या ढिगाऱ्यांविषयीचा वाद याच संदर्भात पाहता येतो. हे ढिगारे काय आहेत याविषयी स्थानिक कथा अनेक. हंपीजवळच्या निंबापुरमचा ढिगारा म्हणजे वालीच्या दहनाची राख असे सांगतात. विजयनगरच्या इतिहासाचे लेखक रॉबर्ट सिवेल यांनी त्यांचा संबंध ऐतिहासिक काळातील सामूहिक दहनांशी जोडून पाहिला. फूट यांनी मात्र त्यांच्याभोवतीच्या दगडी कुऱ्हाडी व खापरे पाहून ते नवाश्मयुगीन आणि गुरांच्या शेणाच्या जळण्यातून झालेले मानले. फ्रँक रेमंड ऑल्चिन यांनी उटनूरच्या उत्खननानंतर १९६३ च्या ग्रंथात गुरांच्या गोठणांचा व वारंवार जाळलेल्या शेणाचा पुरावा सविस्तर मांडला आणि फूट यांचे अनुमान खरे ठरले. सिवेल यांच्यापाशी ग्रंथ होते, फूट यांच्यापाशी जागा. येथे जागेचा विजय झाला. पण वालीची कथा खोटी ठरली असे मात्र म्हणता येणार नाही, कारण ती ढिगाऱ्याचा उगम सांगण्यापेक्षा ढिगाऱ्याला रामायणाच्या भूगोलात बसविण्याचे काम करते. ते काम तिने आजपर्यंत चोख केले आहे.

हत्यारांकडून थडग्यांकडे वळताच सूचीची मर्यादा अधिक स्पष्ट होते. हत्याराला भाषा नाही. पंधरा लाख वर्षांपूर्वी अत्तिरम्पाक्कमला हातकुऱ्हाड घडविणाऱ्याने काय म्हटले असेल, किंबहुना काही म्हटले असेल का, हे कोणी सांगू शकत नाही. (ही कालमर्यादा शांती पप्पू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली, त्याच स्थळावरील मध्य पुराश्मयुगीन हत्यारांचा काळ २०१८ मध्ये त्यांनी सुमारे ३,८५,००० वर्षांपर्यंत मागे नेला. फूट यांनी दाखविलेल्या ओढ्याच्या काठीच हे उत्खनन झाले.) थडग्याची गोष्ट वेगळी. तमिळ प्रदेशात मृताला कुंभात ठेवण्याच्या चालीला शब्दांची सोबत आहे. 'मणिमेखलै' या महाकाव्यात मृताच्या अंत्यविधीचे पाच प्रकार एकापाठोपाठ सांगितले आहेत; त्यांत दहन आहे, उघड्यावर टाकणे आहे, खड्ड्यात पुरणे आहे आणि कुंभाने झाकणेही आहे. महाकाव्यातील ती एक सूचीच म्हणावयाची. 'पुरनानूरु' या संगमकालीन संग्रहातील २५६ व्या कवितेत एक स्त्री कुंभाराला उद्देशून बोलते. ज्याच्यासोबत ती रानावनांतून आली तो आता नाही. त्याच्यासाठी घडवावयाचा कुंभ तिलाही सामावून घेईल एवढा रुंद असावा, असे तिचे मागणे आहे.

आदिच्चनल्लूरच्या कुंभांचीही रुंदी आपल्याला माहीत आहे. बर्लिनचे फेडोर यागोर यांनी १८७६ मध्ये ही दफनभूमी प्रथम उकरली आणि वस्तू जर्मनीस नेल्या. १८९९ पासून काही वर्षे अलेक्झांडर री यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. ताम्रपर्णीच्या दक्षिण तीरावर सुमारे ११४ एकरांत ती पसरलेली आहे. १९१५ मध्ये री यांची सूची मद्रासहून प्रसिद्ध झाली. सोन्याची पातळ, लंबगोल ललाटपट्टे, म्हशीच्या आकृती असलेली कांशाची झाकणे, लोखंडाची शस्त्रे, धान्याचे तूस, कापडाचा ठसा, कवट्या, आणि कुंभांमागून कुंभ. क्रमांक, वर्णन, माप. एक दफनभूमी एवढ्या शांतपणे क्वचितच वाचावयास मिळते. या शांततेत एक प्रकारचा आदर आहे, हे मान्य केले पाहिजे. अलंकारिक भाषेने मृतांची विटंबना होण्यापेक्षा मापांची भाषा बरी. तरीही कुंभ कोणी घडविला, कोणासाठी, तो किती रुंद असावा हे कोणी ठरविले, यांपैकी काहीही विचारण्यास त्या गद्यात जागा नाही. री यांच्या हाताशी ही कविता असती तरी त्यांनी ती कोणत्या रकान्यात लिहिली असती?

ही उणीव भरून काढण्याचा पहिला गंभीर प्रयत्न के. आर. श्रीनिवासन यांनी केला. १९४६ मध्ये 'एन्शंट इंडिया'च्या दुसऱ्या अंकात दक्षिणेतील महापाषाणीय दफनांची व कुंभदफनांची तमिळ साहित्य व परंपरा यांच्या प्रकाशात त्यांनी चर्चा केली. पुरातत्त्व आणि काव्य यांना एका निबंधात बसविणारे असे लेखन आपल्याकडे विरळा. त्यांनी कवितांतील दफनविषयक उल्लेख जमविले, त्यांतील संज्ञा प्रत्यक्ष स्मारकांशी जुळविल्या, आणि कोणत्या प्रकाराला कवी काय म्हणत हे दाखविले. निबंध आजही उपयुक्त आहे. माझा आक्षेप त्यांच्या माहितीवर नाही, कवितेला दिलेल्या कामावर आहे. त्यांच्या हाती कविता ही वस्तूखाली लावावयाची चिठ्ठी होते. कुंभाचा उल्लेख सापडला की तिचे काम संपते. ती बोलते कोण, कोणाशी बोलते, आणि मागते काय, हे बाजूला पडते. २५६ व्या कवितेचे सारे बळ मात्र तिच्या मागण्यात आहे. ती मृताची स्तुती करीत नाही, रडतही नाही, कारागिराला मापाविषयी सूचना देते. व्यवहाराच्या भाषेत मरणाची इच्छा सांगणारी ही रीत, आणि री यांच्या सूचीतील व्यवहाराची भाषा, यांच्यात एक विलक्षण सारखेपणा आहे. दोन्हीकडे कुंभ आहे, दोन्हीकडे त्याची रुंदी आहे, आणि दोन्हीकडे शोक उच्चारलेला नाही. एकीकडे तो दाबून धरला आहे, दुसरीकडे तो नाहीच.

येथे तुलना करणाऱ्याला मोह आवरावा लागतो. त्या स्त्रीचा कुंभ म्हणजे आदिच्चनल्लूरचा कुंभ असे म्हणण्यास आधार नाही. संगम कवितांचा काळ सामान्यतः इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे धरला जातो. आदिच्चनल्लूरची दफने पुष्कळ अंशी त्यापूर्वीची आहेत, आणि तेथील काळाविषयीही एकमत नाही. कविता कुंभदफनाची चाल माहीत असलेल्या समाजात रचली गेली, एवढेच आपण जाणतो. त्या चालीचा शेवटचा काळ कवितेत आणि तिचा भरभराटीचा काळ दफनभूमीत असेल, तर मधल्या शतकांत कुंभाराचे काम चालूच होते. कविता आणि सूची यांना जोडणारा पुरावा असलाच तर तो त्या कुंभाराच्या हातात आहे. त्याचे नाव पुरनानूरुत नाही आणि री यांच्या सूचीतही नाही. यागोर यांनी बर्लिनला नेलेल्या कुंभांची मापे री यांच्या मापांशेजारी मांडून, एकाच दफनभूमीत एका माणसापुरते कुंभ किती आणि त्याहून मोठे किती, हे मोजून पाहणे अशक्य नाही. ते काम पुरातत्त्वज्ञांचे असले तरी ते मोजताना काय शोधावयाचे, हे त्यांना २५६ व्या कवितेखेरीज कोणी सांगेल असे वाटत नाही.